नऊ तासांचे अंतर

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मध्ये न थांबणारे विमान ते साधारणतः नऊ-दहा तासांत कापते. परतताना वारा बहुधा पाठीशी असल्याने वेळ थोडा कमी लागतो. एखाद्या देशाचे आकाश युद्धामुळे बंद झाले, तर वळसा पडून तो वाढतो. अंतराचा हिशेब असा सोपा आहे. परंतु ते घटल्याने आपले कर्तव्यही बदलते काय, हा प्रश्न आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

आपल्या भाषेला ‘क्रिस्तपुराण’ देणारे फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढच्याच महिन्यात त्यांनी लंडनमधील आपल्या वडिलांना प्रवासाचे सविस्तर वृत्त लिहून पाठविले. मायदेशी मात्र ते पुन्हा गेले नाहीत. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. त्या काळी वडिलांच्या आजाराची वार्ता मुलाला कळेपर्यंत कित्येक महिने लोटत. तो आला नाही, म्हणून त्याला कोण बोल लावणार? वियोग ही नियती होती आणि अंतर हीच क्षमा होती.

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला जाण्यासाठी मुंबईहून निघाले. आठवडे दिवसांवर आले. आज दिवसांचे तास झाले आहेत. अंतर आटत गेले, तसे आपले निमित्तही आटत गेले. पूर्वी जी नियती होती, ती आता पुष्कळदा निवड झाली आहे.

पुष्कळदा म्हणतो, नेहमी नव्हे. विमान सर्वांसाठी सारखेच वेगाने उडत असले, तरी तिकिटाचे पैसे, व्हिसा आणि रजा सर्वांना सारखी मिळत नाही. परक्या देशात राबून घर चालविणाऱ्या परिचारिकेला किंवा बोटीवरच्या खलाशाला ‘नऊ तासांचाच तर प्रवास’ असे सुनावणे हा अन्यायच होय.

तथापि एक गोष्ट आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. परदेशातील मुलगा पोहोचावा, म्हणून हल्ली दफनविधी दोन दिवस थांबविला जातो, आणि तो धावत येतोही. तिकीट मिळते, रजा मिळते. मग आई अंथरुणाला खिळली असताना, तिचे डोळे दाराकडे लागले असताना, हीच धावपळ का होऊ नये? मृतासाठी जे शक्य होते, ते जिवंतासाठी अशक्य कसे ठरते? केव्हाही जाता येईल, या भरवशावर जाणे लांबत राहते. वेगाने दिलेली सवड वेगच गिळून टाकतो.

शिवाय हा हिशेब केवळ परदेशस्थांचा नव्हे. वसईहून अंधेरीला लोकलने तासभरही लागत नाही. त्या तासाचा जाब देण्याची वेळ आली, तर लंडनच्या मुलाकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही.