आपला संघ, आमचा संघ

मराठीत ‘आमचं’ आणि ‘आपलं’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. ‘हे आमचं घर’ म्हटलं की ऐकणारा पाहुणा ठरतो. ‘हे आपलंच घर’ म्हटलं की तो आत येऊन बसतो. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच सर्वनाम आहे. खासगी मालकीच्या व्यावसायिक संघासाठी करदात्यांनी पैसे मोजावेत का, हा वाद अमेरिकेत गेली सत्तर वर्षं चालू आहे. त्याविषयी वाचताना मला नेहमी वाटतं, की त्यातला निम्मा गोंधळ या एका सर्वनामाने घातला आहे. मैदानासाठी पैसे मागायची वेळ आली की मालक ‘आपला संघ’ म्हणतात. संघ विकायची किंवा हलवायची वेळ आली की तोच संघ ‘आमचा’ होतो. शब्द मात्र तोच असल्यामुळे समोरच्याला फरक पटकन कळत नाही.

हा वाद एखाद्या पिढीत जन्मला आणि तसाच राहिला, असं झालेलं नाही. त्याचे मुद्दे दर वीसेक वर्षांनी बदलले. ते कसे बदलले हे पाहायला अख्खी अमेरिका पालथी घालायची गरज नाही. विस्कॉन्सिन राज्यातलं मिलवॉकी हे एक शहर पुरेसं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसबॉलची बहुतेक मोठी मैदानं मालकांनी स्वतःच्या खिशातून बांधली होती. बॉस्टनचं १९१२चं फेनवे पार्क तसं, न्यूयॉर्कचं १९२३चं यांकी स्टेडियमही तसंच. नाटक कंपनीच्या मालकाने थिएटर बांधावं, तितकी ती साधी गोष्ट होती. सरकारी पैशाचे अपवाद होते, पण प्रथा नव्हती. मिलवॉकीने १९५३ मध्ये ती पाडली. स्थानिक काउंटीने लोकांच्या पैशातून नवं स्टेडियम बांधलं आणि बॉस्टनमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळणारा ब्रेव्ह्ज हा संघ तिथे आला. बॉस्टनमधल्या शेवटच्या मोसमात त्यांचे सामने पाहायला तीन लाख माणसंही आली नव्हती. मिलवॉकीतल्या पहिल्याच मोसमात अठरा लाखांवर आली. १९५७ मध्ये हँक आरनच्या या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली.

त्या काळात फायद्या-तोट्याची चर्चा फारशी झाली नाही. बिअर आणि यंत्रं बनवणाऱ्या कामगारांच्या शहराला आपण ‘मोठ्या शहरांत’ गणले जातो, याचंच अप्रूप होतं. सार्वजनिक पैशामागची पहिली कल्पना अभिमानाची होती. गावाने वर्गणी काढून मंदिराचा कळस चढवावा तशी. कळसाच्या खर्चावर परतावा किती, असं कोणी विचारत नाही.

पण हा कळस दुसऱ्या गावाला नेता येत होता. १९६२ मध्ये शिकागोकडच्या एका गटाने संघ विकत घेतला आणि १९६५चा मोसम संपताच तो अटलांटाला गेला. अटलांटाने नवं स्टेडियम बांधून ठेवलं होतं. मिलवॉकीने बॉस्टनला जे केलं, तेच अटलांटाने मिलवॉकीला केलं. स्टेडियम मात्र काउंटीचं होतं, ते जागच्या जागी राहिलं.

इथे वादाला दुसरं वळण लागलं. विस्कॉन्सिन राज्याने ब्रेव्ह्जविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. एका शहराने मैदान दिलं, प्रेक्षक दिले, तेरा वर्षं जीव लावला. मग त्या शहराचा संघावर काही हक्क लागतो की नाही? प्रश्न भावनेचा होता, पण तो आता न्यायालयात उभा होता. एप्रिल १९६६ मध्ये खालच्या न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. जुलैमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध तीन मतांनी फिरवला. बेसबॉलला केंद्रीय मक्तेदारीविरोधी कायद्यातून १९२२ पासून सूट होती आणि देशभर चालणाऱ्या या धंद्याला एखाद्या राज्याने वेसण घालणं बसत नव्हतं. एका मताच्या फरकाने ठरलं, की संघ मालकांचा आहे आणि शहराकडे आहे ते फक्त प्रेम.

या निकालानंतर सौदा एकतर्फी झाला. लीगमध्ये संघ किती असावेत हे लीग ठरवते आणि मागणीपेक्षा ते नेहमी कमी ठेवते. त्यामुळे संघाविना असलेलं एखादं शहर कायम दाराशी उभं असतं आणि त्याचं नाव नुसतं उच्चारलं तरी पुरतं. हे तंत्र मिलवॉकीच्याही कामी आलं, हे विसरून चालणार नाही. १९७० मध्ये सिअॅटलचा पायलट्स हा दिवाळखोर संघ एक कोटी आठ लाख डॉलरना घेऊन बड सीलिग या मोटारविक्रेत्याने तो मिलवॉकीत आणला. तेच आजचे ब्रूअर्स. सिअॅटलमध्ये तो संघ जेमतेम एक मोसम खेळला होता.

पंचवीस वर्षांनी सीलिग म्हणू लागले की जुन्या स्टेडियमवर संघाचा निभाव लागत नाही. आता वादात भीती आली. एकदा संघ गमावलेल्या शहराला दुसऱ्यांदा गमावण्याची भीती दाखवायला फार बोलावं लागत नाही. एप्रिल १९९५ मध्ये स्टेडियमसाठी लॉटरी काढावी का, असं राज्यभरातल्या मतदारांना विचारलं गेलं. त्यांनी मोठ्या फरकाने नाही म्हटलं. मग मार्ग विधिमंडळातून निघाला. पाच काउंट्यांमध्ये शंभर डॉलरच्या खरेदीमागे दहा सेंट जादा विक्रीकर, असा प्रस्ताव आला. त्यातल्या रसीन काउंटीचे सिनेटर जॉर्ज पेटाक आधी विरोधात होते. रात्रभर चाललेल्या अधिवेशनात ६ ऑक्टोबरच्या पहाटे त्यांनी मत बदललं आणि प्रस्ताव सोळा विरुद्ध पंधरा असा मंजूर झाला. पुढच्याच वर्षी मतदारांनी पेटाक यांना परत बोलावलं. त्यांची जागा गेली आणि तिच्याबरोबर सिनेटमधलं त्यांच्या पक्षाचं बहुमतही गेलं.

दहा सेंट ही रक्कम मोठी नव्हती. लोकांचा राग रकमेवर होता असं मला वाटत नाही. एप्रिलमध्ये त्यांना विचारलं होतं, त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि ऑक्टोबरच्या पहाटे ते उत्तर बाजूला ठेवलं गेलं. वर्गणी मागायला आलेल्याला नाही म्हटल्यावर त्याने रात्री गल्ल्यातून पैसे काढून न्यावेत, तसं ते त्यांना वाटलं असावं.

नवं स्टेडियम २००१ मध्ये उघडलं. २००५ मध्ये सीलिग कुटुंबाच्या गटाने संघ सुमारे बावीस कोटी डॉलरना विकला. जादा विक्रीकर मात्र चालूच राहिला. तो मार्च २०२० मध्ये थांबला, तोवर सुमारे साठ कोटी डॉलर जमा झाले होते. मालक बदलला, कर देणारे तेच राहिले.

याच काळात हिशेब तपासणारेही पुढे आले होते. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ‘स्पोर्ट्‌स, जॉब्ज अँड टॅक्सेस’ या ग्रंथाने एक साधी गोष्ट ठळकपणे मांडली. घरातल्या माणसांनी करमणुकीवर किती खर्च करायचा हे साधारण ठरलेलं असतं. सामन्याला गेलेलं कुटुंब त्या आठवड्यात सिनेमाला किंवा हॉटेलात जात नाही. पैसा नवा येत नाही, जागा बदलतो. उलट, कोपऱ्यावरच्या खानावळीत गेला असता तर तो गावात फिरला असता. खेळाडूंच्या पगारात गेला की त्यातला बराचसा गावाबाहेर जातो. बेसबॉलच्या स्टेडियममध्ये नियमित मोसमात घरचे सामने एक्क्याऐंशी होतात. बाकीच्या दिवशी वाहनतळाच्या डांबरावर ऊन तापत असतं. पुढच्या पंचवीस वर्षांत झालेल्या बहुतेक अभ्यासांनी याच निष्कर्षाला दुजोरा दिला. अर्थशास्त्रात इतकं एकमत क्वचित दिसतं.

केंद्र सरकारने सार्वजनिक पैशाचं हे दार बंद करायचा प्रयत्न केला नव्हता असंही नाही. १९८६च्या करसुधारणा कायद्याने स्टेडियमसाठी करमुक्त रोखे काढण्यावर बंधन घातलं. कर्जाच्या हप्त्यांपैकी दहा टक्क्यांहून जास्त वाटा स्टेडियमच्या उत्पन्नातून फेडला जात असेल, तर ती करसवलत मिळणं अवघड झालं. अपेक्षा अशी होती की शहरं हात आखडता घेतील. शहरांनी उलट केलं. संघाकडून भाडं घेतलं तर सवलत जाते, म्हणून भाडं नाममात्र ठेवलं आणि हप्ते हॉटेलवरच्या करातून किंवा विक्रीकरातून भरले. पळवाट बुजवायला गेलेल्या कायद्याने करदात्याच्याच अंगणात खड्डा केला.

अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तर समर्थकही हिशेब मांडू लागले. २०१५ मध्ये मिलवॉकी बक्स या बास्केटबॉल संघाच्या नव्या संकुलासाठी पंचवीस कोटी डॉलरचा सार्वजनिक वाटा मंजूर झाला. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांचं म्हणणं असं, की संघ गेला तर खेळाडूंकडून मिळणारा प्राप्तिकरही जाईल, म्हणून त्याला ठेवणंच स्वस्त पडतं. त्याच वर्षीच्या राज्य अर्थसंकल्पात विद्यापीठांच्या अनुदानात दोन वर्षांसाठी पंचवीस कोटी डॉलरची कपात झाली होती. दोन्ही आकड्यांचा काळ वेगळा आणि मार्ग वेगळा, म्हणून ते थेट एकाखाली एक लिहिणं बरोबर नाही. तरी लोकांनी ते लिहिले, आणि का लिहिले हे समजण्यासारखं आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी ब्रूअर्सच्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी सुमारे पन्नास कोटी डॉलरच्या मदतीवर सही केली. वॉकर आणि एव्हर्स परस्परविरोधी पक्षांचे. २०१८ची निवडणूक एकमेकांविरुद्ध लढलेले. या एका बाबतीत युक्तिवाद मात्र एकच.

अभिमान, हक्क, भीती आणि हिशेब या चार टप्प्यांत शेवटी जिंकला तो हिशेब, निदान भाषेच्या पातळीवर. मला त्यातच अडचण दिसते. लोकांना संघ हवा असतो तो जिव्हाळ्यापोटी, पण ते कबूल करणं पोरकट वाटतं, म्हणून जिव्हाळ्याला नफ्याचा कोट चढवला जातो. मग अर्थतज्ज्ञ येऊन कोट उतरवतात आणि जिव्हाळाच खोटा होता असं वाटू लागतं. तो खोटा नसतो. पिट्सबर्गच्या आइस हॉकी संघाविषयी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना विचारलं होतं, की सामन्याला न जाताही नुसता संघ गावात असण्यासाठी तुम्ही किती पैसे द्याल? लोक पैसे द्यायला तयार होते. फक्त ती बेरीज नव्या स्टेडियमच्या खर्चाच्या जवळपासही पोचत नव्हती. आपलेपणाला किंमत आहे, आणि ती मालक मागतात त्याहून बरीच कमी आहे.

महाराष्ट्रात हा वाद वेगळ्या वेषात येतो. इथे आयपीएलचे संघ स्टेडियमसाठी विक्रीकर मागत नाहीत. सार्वजनिक वाटा पाणी, बंदोबस्त, सवलत अशा रूपांत जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं जात होतं, त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. खेळपट्टीवर मारायच्या पाण्याचा लातूरच्या टंचाईशी थेट संबंध किती, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. पण लोकांना जे बोचलं ते लिटरमध्ये मोजता येण्यासारखं नव्हतं. २०२३ मध्ये राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क कमी केलं आणि ती सवलत २०११ पासून पूर्वलक्षी लागू केली. त्यावर जनहित याचिका झाली आणि ही उदारता कशासाठी, असं न्यायालयाने विचारलं. विस्कॉन्सिनमध्ये निदान एक पहाट होती, एक मतदान होतं आणि एक सिनेटर होता, ज्याला जाब विचारता आला. शासन निर्णयाला असा चेहरा नसतो.

मिलवॉकीहून उत्तरेला दोन तासांवर ग्रीन बे नावाचं लाखभर वस्तीचं गाव आहे. तिथला पॅकर्स हा फुटबॉल संघ १९२३ पासून ना नफा तत्त्वावरच्या संस्थेचा आहे आणि त्याचे भागधारक पाच लाखांहून जास्त आहेत. दुसऱ्या कोणत्याही संघाला अशी मालकी घ्यायला लीगचे नियम आता परवानगी देत नाहीत. या गावाने कर भरला नाही असं समजू नका. १९५७चं स्टेडियम शहराच्या रोख्यांतून उभं राहिलं, आणि ते वाढवायला २००० मध्ये काउंटीने अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला. पण दोन्ही वेळा आधी सार्वमत घेतलं गेलं. संघाचे हिशेब दरवर्षी जाहीर होतात, आणि संघ गाव सोडून जाईल अशी धमकी द्यायला तिथे कोणी मालकच नाही.

पॅकर्सनी २०२१ मध्ये पुन्हा शेअर विकायला काढले. एकाची किंमत तीनशे डॉलर. त्यावर लाभांश मिळत नाही, भाव वाढत नाही, नफ्याने विकता येत नाही, सामन्याचं तिकीटही मिळत नाही. हे सगळं विक्रीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ते वाचूनही लोकांनी शेअर घेतले आणि कागद चौकटीत घालून भिंतीवर लावले. त्या कागदाने कोणाच्या पदरात काही पडलं नाही. पण कोणी फसवलंही नव्हतं, आणि ज्यांना तो नको होता त्यांना कोणी पैसे मागितले नव्हते.