नकार देण्याची ताकद

26 एप्रिल 1983 रोजी बाल्टिमोर कोल्ट्सने अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वांत आधी जॉन एल्वेचं नाव पुकारलं. देशभरातल्या कॉलेजांमधल्या खेळाडूंत पहिला क्रमांक! एल्वेने मात्र त्याच दिवशी पत्रकारांना सांगून टाकलं, की बाल्टिमोरकडून खेळण्यापेक्षा मी बेसबॉल खेळेन.

ही पोकळ धमकी नव्हती. स्टॅनफर्ड विद्यापीठात तो फुटबॉलचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू होता, तसाच बेसबॉलमधलाही पट्टीचा खेळाडू होता. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने 1981 मध्येच त्याला दुसऱ्या फेरीत निवडलं होतं. 1982 च्या उन्हाळ्यात ओनिऑन्टा या छोट्या गावात त्यांच्या दुय्यम संघाकडून तो खेळला. 42 सामन्यांत त्याची सरासरी .318 होती. बेसबॉलमध्ये दहातल्या तीन संधी साधणारा फलंदाज उत्तम गणला जातो, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

ड्राफ्टमध्ये संघ खेळाडू निवडतो. खेळाडूला संघ निवडता येत नाही. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते आणि कोल्ट्सनी 1982 मध्ये एकही सामना जिंकला नव्हता. या पद्धतीमुळे दुबळे संघ सावरतात, चुरस टिकते, हे मला मान्य आहे. पण कोणत्या शहरात राहायचं, कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली घडायचं, हे बावीस वर्षांच्या मुलाला न विचारता ठरतं. स्वतःच्या नोकरीबाबत असं आपण किती जण चालवून घेऊ?

एल्वेवर टीकेची झोड उठली, त्याला शेफारलेला ठरवलं गेलं. मला ती टीका अन्यायाची वाटते. तो कुणाला फसवत नव्हता. दुसरा खेळ येत असल्यामुळे त्याला फक्त नाही म्हणता येत होतं. सहा दिवसांत कोल्ट्सनी त्याला डेन्व्हरला देऊन टाकलं. तिथे तो 16 हंगाम खेळला, पाच सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यांत, उतरला आणि दोन जिंकला.

1986 मध्ये बो जॅक्सनने हेच उलट्या दिशेने केलं. टॅम्पा बे या फुटबॉल संघाच्या मालकांच्या विमानातून केलेल्या प्रवासामुळे तो कॉलेज बेसबॉलसाठी अपात्र ठरला. संतापून त्याने त्यांनी फुटबॉलसाठी देऊ केलेली कितीतरी मोठी रक्कम नाकारली आणि कॅन्सस सिटीचा बेसबॉल करार घेतला. फुटबॉल तो पुढच्या वर्षी खेळलाच, पण रेडर्सकडून. कायलर मरेला 2018 मध्ये ओकलंडने बेसबॉलसाठी नवव्या क्रमांकावर निवडून 46 लाख 60 हजार डॉलर बोनस देऊ केला होता. बेसबॉलमध्ये मोठ्या संघात पोहोचेपर्यंत दुय्यम लीगमध्ये वर्षं जातात. फुटबॉलमध्ये पहिल्याच हंगामात मैदान मिळू शकतं. मरेने फुटबॉल निवडला, हाती आलेल्या बोनसमधला बहुतेक पैसा परत केला आणि 2019 मध्ये तिथल्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळवला.

या तिघांची कौतुकं होतात ती अंगच्या गुणांसाठी. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या हातातला पर्याय, कारण बहुतेकांकडे तो नसतो, आणि असला तरी टिकतोच असं नाही. एल्वेच्याच ड्राफ्टमधल्या जिम केलीने बफेलोला नकार देऊन नव्या, प्रतिस्पर्धी लीगची वाट धरली होती. 1986 मध्ये ती लीग बंद पडली आणि केलीला बफेलोकडूनच खेळावं लागलं.