मौनाचा भाव

विकणाऱ्याला आपल्या मालातला दोष माहीत आहे आणि घेणारा त्याबद्दल विचारत नाही. अशा वेळी गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का?

प्रश्न जुना आहे. सिसेरोने इसवी सनापूर्वी 44 मध्ये कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एक धान्यव्यापारी येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. हा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य भरून तिथे पोचतो. आपल्या मागून आणखी जहाजं येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्याने ते सांगावं की चढ्या भावाने माल विकून मोकळं व्हावं? सिसेरो इथे दोन स्टोइक तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. डायोजेनिसच्या मते कायदा सांगतो तेवढे दोष उघड केले, फसवणूक केली नाही, की विक्रेत्याचं काम संपलं. न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगायला हवं, कारण समोरचा आधी माणूस आहे आणि मग गिऱ्हाईक. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूने पडतो.

आपला कायदा मात्र बराचसा डायोजेनिसच्या जवळ आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं 17 वं कलम सांगतं की नुसतं मौन म्हणजे कपट नव्हे. त्याखाली दिलेली उदाहरणं एखाद्या छोट्या कथेसारखी वाचावीत अशी आहेत. ‘अ’ हा ‘ब’ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे ‘अ’ला माहीत आहे, तो बोलत नाही. हे कपट नाही. पण ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि ‘ब’ जर म्हणाला, की ‘तू नाही म्हटलं नाहीस तर घोडा धड आहे असं मी समजेन,’ आणि ‘अ’ गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं. चौथ्या उदाहरणात दोन व्यापारी आहेत. बाजारभाव बदलल्याची खासगी बातमी एकाकडे आहे. ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही.

घोड्याच्या जागी मोटार ठेवली की ही चारही उदाहरणं 2025 च्या उन्हाळ्यात दिल्लीतल्या कुठल्याही शोरूममध्ये एकाच दुपारी पाहायला मिळाली असती. माझी डिझेल गाडी त्या सप्टेंबरात दहा वर्षांची होणार होती. दिल्लीत आणि भोवतालच्या राजधानी परिसरात डिझेल गाडीला दहावं वर्ष म्हणजे शेवटचं. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2015 मध्ये तसा आदेश दिला आणि ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या इथल्या रस्त्यांवर नकोत असं सांगितलं. अंमलबजावणी अनेक वर्षं सैलच होती. मग 1 जुलै 2025 पासून दिल्लीतल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन द्यायचं नाही असं ठरलं आणि नंबरपाट्या वाचणारे कॅमेरे बसले.

मी जुनी गाडी देऊन नवी घेण्याच्या खटपटीत होते. जूनच्या अखेरीस जुन्या गाडीचे दोन लाख साठ हजार सांगितले गेले. 2 जुलैला तोच माणूस, त्याच टेबलाशी, एक लाख सत्तर म्हणाला. 3 जुलैला दिल्ली सरकारने ही बंदी थांबवण्याची विनंती केली, 8 जुलैला ती 1 नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली गेली, आणि भाव चाळीस हजारांनी वर आला. दोन आठवड्यांत गाडी सोसायटीच्या आवारातून हललीही नव्हती. बदलली होती ती फक्त बातमी. ऱ्होड्सच्या वाटेवरची ती जहाजंच म्हणा.

बातमीबाबत मी डायोजेनिसच्या बाजूची आहे. वर्तमानपत्र त्यालाही मिळतं, मलाही मिळतं. मी जास्तीत जास्त किती देईन हा माझा आकडा पोटात ठेवण्यातही मला गैर वाटत नाही. आपल्याकडच्या बाजारांत दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करत, त्याला ‘हत्ता’ म्हणत. ती पद्धत मोडीत निघून उघड लिलाव आले, ते चांगलंच झालं. कारण तिथे ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. पण ज्याची गाडी आणि ज्याचा पैसा, त्या दोघांनीच घासाघीस करताना आपापला शेवटचा आकडा झाकून ठेवणं हा त्या खेळाचा नियम आहे आणि दोघांनाही तो ठाऊक असतो.

अर्थात खेळाचा पट सपाट नसतो. शोरूममध्ये पाच खिसे असतात: नव्या गाडीवरची सूट, जुन्या गाडीचा भाव, एक्स्चेंज बोनस, विमा आणि कर्जाचं व्याज. एका खिशातले पैसे दुसऱ्यात गेले की गिऱ्हाइकाला वाटतं आपण जिंकलो. म्हणून जुनी गाडी नसतीच तर नवी केवढ्याला, एवढंच आधी विचारून मी ते कागदावर लिहून घेतलं. सेल्समन उत्तर मात्र माझ्या नवऱ्याकडे बघून देत होता. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी 1995 मध्ये शिकागोतल्या विक्रेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकाच पद्धतीने भाव करायला शिकवलेल्या माणसांना त्यांनी पाठवलं आणि गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव सांगितले गेले. भाव करण्याचं कौशल्य म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याचा बराच भाग आपण कोण दिसतो यावर ठरतो. आणि मला मिळालेली सूट कुणीतरी, ज्याला मागता आली नाही असा माणूस, भरत असतो. दिल्लीचा अठराव्या शतकातला शायर मिर्झा रफी याने ‘सौदा’ हे नाव घेतलं. उर्दूत या शब्दाचा एक अर्थ व्यवहार, दुसरा वेड. शोरूममध्ये तीन तास बसल्यावर दोन्ही अर्थ एकत्र का नांदतात ते समजतं.

खरा पेच मात्र गाडीची पाहणी करणारा तरुण आला तेव्हा होता. त्याने रंगाची जाडी मोजली, टायर पाहिले, टॅबवर खुणा केल्या आणि मान वर न करता म्हणाला, ‘‘इंजन तो ठीक ही होगा, है ना मैडम?’’ करार कायद्यातलं तिसरं उदाहरण जसंच्या तसं. मी सांगितलं की एक इंजेक्टर गळतो, चढावर काळा धूर येतो, गॅरेजवाल्याने बदलायला सांगितलंय. त्याने पंचवीस हजार कमी केले आणि खेळीमेळीने म्हणाला, ‘‘पंद्रह तो मैं वैसे भी काटने वाला था।’’

या वाक्यापाशी मी बराच काळ अडले आहे. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, त्या कामासाठी 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच सरासरी भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक तेवढ्या भावात विकायला तयार होत नाही, बाजारातून निघून जातो आणि मागे खराब माल उरतो. म्हणजे तो तरुण जे पंधरा हजार ‘वैसे भी’ कापणार होता, तो माझ्याआधी गप्प बसलेल्या सगळ्यांचा दंड होता. आता प्रश्न असा: मी लपवणारच असं धरून भाव आधीच कापला असेल, तर लपवण्याची किंमत मी चुकती केलीच आहे ना? मग बोलून पुन्हा का भरायची?

हा युक्तिवाद मला बराच काळ बिनतोड वाटत होता. तो कुठे तुटतो ते टेबलाशी बसलेल्या दोघांपुरतं पाहिलं तर दिसत नाही. माझा शेवटचा आकडा सौद्याबरोबर संपतो, उद्या त्याला काही अर्थ नाही. बातमीही शिळी होते. दोष मात्र गाडीबरोबर पुढे जातो. शोरूम ती गाडी ठेवून घेणार नव्हती. ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ती राजधानी परिसराबाहेरच्या एखाद्या गावी जाणार होती, जिथे दहा वर्षांची मर्यादा नाही. तिथे ती घेणारा माणूस माझ्याशी घासाघीस करायला आलाच नव्हता. त्या तरुणाने कापलेले पंधरा हजार शोरूमच्या धोक्याचे होते, त्यातला एक रुपयाही त्या माणसाकडे जाणार नव्हता. ज्याने मला सूट दिली आणि ज्याला माझं मौन भोवणार, ते दोघे वेगळे आहेत. पहिल्याशी हिशेब चुकता झाला म्हणून दुसऱ्याचं देणं फिटत नाही.

पण मी शोरूमला सांगितलं म्हणजे त्या माणसापर्यंत पोचलं का? याची खात्री मला देता येत नाही. मी गॅरेजची बिलं आणि इंजेक्टरबद्दलची लेखी नोंद सर्व्हिसच्या फायलीत घातली आणि आरसीच्या कागदांबरोबर दिली. ती फाईल वाटेत कुणी काढून टाकू शकतं. सिसेरोचा व्यापारी थेट खाणाऱ्यांना धान्य विकत होता. आपण साखळीतल्या पुढच्या कडीला विकतो आणि आपलं खरं बोलणं बहुधा तिथेच थांबतं.

धुराचं काय, हा याहून अवघड भाग. स्वस्तात गाडी मिळणाऱ्याला ती हवीच असेल, दोष कळूनही. त्याच्या गरजेवर दिल्लीत बसून मी कशाला निकाल देऊ? मात्र त्या गावच्या रस्त्यावर श्वास घेणाऱ्यांना कुणी विचारलेलं नाही. गाडी मोडीत देण्याची अधिकृत केंद्रं आहेत, पण तिथे मिळणारी रक्कम शोरूमच्या भावाच्या जवळपासही नव्हती. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर कारवाई नको म्हटलं, डिसेंबरात ते संरक्षण बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. म्हणजे कोणती गाडी चालवण्याजोगी आणि कोणती नाही, यावर वर्षभरात इतकी उत्तरं बदलली. हवा मात्र कुठल्याही आदेशाने ठरत नाही. शहराने आपल्या हवेसाठी गाडी बाहेर काढली आणि बाजाराने ती दुसऱ्या हवेत नेऊन सोडली, त्या फरकाचे पैसे माझ्या खात्यात जमा झाले.

इंजेक्टर मी आधी बदलून घेऊन मग गाडी द्यायला हवी होती, असं एक मैत्रीण म्हणाली. तिचं म्हणणं अँटिपेटरच्याही पुढचं आहे: सांगणं पुरेसं नाही, दुरुस्तही करा. त्यावर माझं उत्तर एवढंच, की दोष उघड करून कमी भाव घेतला, तर दुरुस्तीचा खर्च घेणाऱ्याच्या हातात आधीच ठेवलेला असतो. हे उत्तर घेणारा समोर असेल तर बरोबर आहे. ते पंचवीस हजार शोरूमने स्वतःकडे ठेवले असतील, तर तिचं म्हणणं बरोबर आहे. आणि ते कुणाकडे गेले हे मला कधीच कळणार नाही.