ढगांची जात कुणी ठरवली?

बार्बाडोसच्या पूर्वेला अटलांटिकवर पसरणाऱ्या उथळ ढगांची उपग्रहचित्रे समोर ठेवून हवामानशास्त्रज्ञांनी त्यांचे चार प्रकार पाडले: साखर, खडी, मासा आणि फूल. 2020 मध्ये हे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. प्रत्येक चित्रावर सगळ्यांचे एकमत होत नव्हते. पण निव्वळ योगायोगाने जुळावे त्याहून ते बरेच जास्त जुळत होते.

मग हे प्रकार आभाळात आहेत की बघणाऱ्याच्या मनात?

भारतीय दर्शनांना हा वाद नवा नाही. न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, म्हणजे नैयायिकांच्या, मते सगळ्या गाईंमधले गोत्व (गाईपण) खरे आणि नित्य. बौद्ध आचार्य दिङ्नागांनी ते नाकारले: 'गाय' म्हणजे गाय नसलेल्या सगळ्याला वगळणे, एवढेच. ढगांपुरते दिङ्नागांचे पारडे जड वाटते. 1983 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय उपग्रह-ढग प्रकल्पात ढगमाथ्यावरचा दाब 440 हेक्टोपास्कलहून कमी असेल तर ढग उंचावरचा, 680 हून जास्त असेल तर खालचा. 441 आणि 439 यांच्यामध्ये आकाश कुठेही दुभंगलेले नसते. रेघ माणसाचीच.

तरी नैयायिकांना इतक्यात मोडीत काढू नये. पुढच्या अभ्यासात दिसले की 'फूल' उमलते ते पृष्ठभागाजवळचा वारा जोराचा आणि खालचे वातावरण स्थिर असताना; 'साखर' विखुरते ती वारा आणि स्थिरता दोन्ही कमी असताना. शास्त्रज्ञांनी मात्र हे प्रकार वेगळे काढले होते ते नुसत्या आकारावरून.