खिळा आपल्या खणात

वाईत कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात दिगूच्या मामांचं डीटीपीचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि भिंतभर लग्नपत्रिकांचे नमुने. मामा मूळचे खिळेजुळारी. छापखान्यात त्यांनी २२ वर्षं उभ्यानं खिळे जुळवले होते. छापखाना बंद झाला तेव्हा खिळे जुळवायची एक लोखंडी स्टिक त्यांनी आठवण म्हणून मागून घेतली. ती आता मॉनिटरशेजारी असे.

कॉम्प्युटरचा कोर्स करून दिगू मामांच्या हाताखाली आला. हात चलाख, डोकं त्याहून चलाख. त्याला मामांची एकच गोष्ट पटत नसे, ती म्हणजे लाल पुठ्ठ्याची वही. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जरासा बदल केला तरी मामा तारीख घालून तो वहीत लिहीत, विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या त्या भागाची प्रत, म्हणजे रेग फाइल, काढून पेन ड्राइव्हवर ठेवत, मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वरून खालपर्यंत वाचत. दर महिन्याच्या १ तारखेला ते रिस्टोअर पॉइंट तयार करत, म्हणजे मशीन बिघडलं तर त्या दिवशीच्या सेटिंगवर परत नेता यावं. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेआधी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो पॉइंट वापरून मशीन खरोखरच मागं नेऊन बघत.

“मामा, अर्धा दिवस धंदा बुडतो,” दिगू म्हणायचा.

मामा स्टिककडे बोट दाखवत. “छपाई झाली की दुसऱ्या दिवशी आमचं काम काय असायचं, ठाऊक आहे? सगळा मजकूर मोडायचा आणि एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा. देवनागरीच्या केसमध्ये शेकडो खण. ‘ध’च्या खणात ‘घ’ पडला, तर पुढच्या पत्रिकेत ‘धन’चं ‘घन’ होतं. हात न बघता खणात जातो रे, त्याचा खणावर विश्वास असतो. तुझी ती रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरची केसच.”

मामा बरोबर बोलत होते. विंडोज ९५पासून विंडोजचा बहुतेक सगळा संसार रजिस्ट्रीत एकवटला. कीबोर्ड कुठला, प्रिंटर कुठला, कुठली फाइल कशानं उघडायची, मशीन सुरू होताना कोणते ड्रायव्हर जागे करायचे, सगळं तिथं. आणि मशीनही त्या खणांत न बघता हात घालतं.

दिगूला हे कळत होतं, पण त्याच्याकडे उत्तर तयार होतं. “मामा, विंडोज स्वतःच तिची प्रत ठेवतं. सिस्टिम३२ मध्ये कॉन्फिग फोल्डर आहे ना, त्यात रेगबॅक नावाचं फोल्डर असतं. रजिस्ट्रीच्या पाचही फाइली आहेत त्यात. मी बघितल्यात.”

“उघडून बघितल्यास?”

“नावं बघितली.”

मामा काही बोलले नाहीत. वहीचं पान उलटलं.

२०१९ चा डिसेंबर. लग्नसराईचे दिवस, टेबलावर पत्रिकांचा ढीग. १२ तारखेला सकाळी मशीन जरा संथ वाटलं म्हणून दिगूनं इंटरनेटवरून एक फुकटचा प्रोग्राम उतरवला. रजिस्ट्रीतला कचरा काढतो, कॉम्प्युटर पळायला लागतो, असं त्यावर लिहिलेलं होतं. प्रोग्रामनं शेकडो ‘चुका’ दाखवल्या. दिगूनं एकही न वाचता सगळ्या पुसल्या आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

विंडोज आलंच नाही. निळा पडदा आला, मशीन आपणहून परत सुरू झालं, परत निळा पडदा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला दुरुस्तीचा मेनू उघडला.

बाकावर दोन गिऱ्हाईकं बसलेली. दिगूला घाम फुटला, पण वाट माहीत होती. दुरुस्तीच्या मेनूतून त्यानं काळी कमांडची खिडकी उघडली. रेगबॅकमधल्या पाच फाइली उचलायच्या, कॉन्फिगमधल्या फाइलींवर टाकायच्या, झालं. त्यानं रेगबॅकची यादी काढली. पाचही नावं हजर होती. लगेच कॉपीची कमांड टाइप केली. बोट एंटरवर गेलं.

मामांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब. आधी वाचून दाखव.”

“मामा, वेळ नाही...”

“प्रूफ वाचल्याशिवाय फर्मा मशीनवर चढत नाही. वाच. नाव आणि पुढचा आकडा, दोन्ही.”

दिगूनं यादीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागला.

“डिफॉल्ट... शून्य. सॅम... शून्य. सिक्युरिटी... शून्य.” त्याचा आवाज उतरला. “सॉफ्टवेअर, शून्य. सिस्टिम, शून्य.”

दुकानात कुणी बोललं नाही. पाच फाइली, पाच नावं, आत एक अक्षर नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एंटर दाबलं असतं तर जखमी का होईना, जागेवर असलेल्या रजिस्ट्रीवर त्यानं स्वतःच्या हातानं पाच कोरे कागद चिकटवले असते.

कारण त्याला संध्याकाळी सापडलं. २०१८ साली आलेल्या विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं रेगबॅकमध्ये आपोआप प्रत ठेवणं थांबवलं होतं. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून. फोल्डर तसंच राहिलं, फाइलींची नावं तशीच राहिली. दिगूनं वाचलेली माहिती खोटी नव्हती, जुनी होती.

मामांनी खुर्ची ओढली. लाल वही उघडली. “१ डिसेंबर. रिस्टोअर पॉइंट केला,” असं पानावर होतं. दुरुस्तीच्या मेनूत सिस्टिम रिस्टोअर होतंच. १ तारीख निवडली. गिऱ्हाइकांना चहा सांगितला. चहाचे कप रिकामे होऊन बराच वेळ गेल्यावर मशीन उठलं, ओळखीचा पडदा आला. पत्रिकांच्या फाइली जागच्या जागी होत्या, कारण सिस्टिम रिस्टोअर रजिस्ट्री आणि सिस्टिमच्या फाइली मागं नेतं, आपल्या कागदपत्रांना हात लावत नाही.

पण ११ दिवस मागं गेलेल्या मशीनला त्या ११ दिवसांतलं काही आठवत नव्हतं. मामा वहीतून वाचत गेले.

“५ डिसेंबर. नवा प्रिंटर जोडला.” दिगूनं ड्रायव्हर परत घातला.

“८ डिसेंबर. ‘ज्ञ’ची कळ बदलली. रेग फाइल काढली. वाचली.” दिगूनं पेन ड्राइव्ह लावला. या खेपेला त्यानं फाइलवर थेट डबल क्लिक केलं नाही. आधी नोटपॅडमध्ये उघडली, नोंदी वाचल्या, मग आत घेतली. एक कोरी फाइल उघडून ‘यज्ञ’ टाइप केलं. ‘यज्ञ’च उमटलं.

दुपारी दोनपर्यंत दोन्ही पत्रिका हातात पडल्या. गिऱ्हाईकं गेली. दिगू मान खाली घालून बसला होता.

“रागवा ना, मामा.”

“कशाला? तू प्रत नाहीच असं समजून बेफिकीर राहिला नव्हतास. प्रत आहे असं समजून निर्धास्त राहिलास. ते जास्त वाईट, कारण त्यात माणूस शोधायचंच थांबवतो.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि माझंही चुकलंय. रिस्टोअर पॉइंट त्याच डिस्कवर आहे. जागा कमी पडली की जुने पॉइंट आपोआप जातात, आणि डिस्क मेली तर सगळेच. बाहेरच्या डिस्कवर आख्ख्या सिस्टिमची प्रत हवी. उद्या आण.”

पुढच्या खंडेनवमीला दुकान बंद ठेवायची आठवण दिगूनंच केली. पाटावर स्टिक होती, शेजारी पेन ड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क. मामांनी हळदीकुंकवाची कोयरी पुढं केली.

“जरा थांबा, मामा.” दिगूनं डिस्क उचलली, दुसऱ्या मशीनला जोडली, तिच्यावरून सगळी सिस्टिम त्या मशीनवर उतरवली. तासाभरानं मशीन उठलं. त्यानं ‘यज्ञ’ टाइप केलं, कागदावर छापून काढलं आणि तो कागद मामांच्या हातात दिला.

मामांनी चष्मा लावला, जुन्या सवयीनं एकेक अक्षर बोटानं वाचलं आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. मग पूजा झाली.

तात्पर्य : जी प्रत परत उतरवून पाहिली नाही, तिच्यावर विसंबू नये. मोडलेल्या मजकुराचा खिळा आपल्या खणात परत गेला, हे डोळ्यांनी पाहावं, मगच हात धुवावेत.