लहान होणे म्हणजे हीन होणे काय?

वाढ म्हणजे प्रगती आणि घट म्हणजे ऱ्हास, ही समजूत आपल्या अंगी इतकी मुरलेली आहे की, तिची परीक्षा करावी असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. परंतु समुद्राने वेढलेल्या बेटांवर प्राणिमात्रांचे काय झाले हे पाहिले असता, ही समजूत टिकत नाही असे मला वाटते.

इंडोनेशियात फ्लोरेस नावाचे बेट आहे. हिमयुगात समुद्राचे पाणी पुष्कळ खाली गेले, तेव्हाही ते आशियाच्या भूमीस जोडले गेले नाही. तेथे लियांग बुआ म्हणून एक प्रशस्त गुहा आहे; तेथील भाषेत ह्या नावाचा अर्थ 'थंड गुहा' असा होतो. १९५० च्या सुमारास तीत मुलांची शाळा भरत असे. त्या बेटावरील सेमिनरीत शिकविणारे डच रोमन कॅथलिक मिशनरी थिओडोर फरहूवेन ह्यांनी १९६५ मध्ये तेथील जमीन खणून पाहिली. पुढे २००३ मध्ये इंडोनेशिया व ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांस त्याच गुहेत एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा सापडला. तिची उंची अवघी साडेतीन फूट. मेंदू सुमारे ४०० घन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. २०१६ मध्ये सुधारलेल्या गणनेप्रमाणे तेथील अशा मानवांच्या अस्थी ६०,००० ते १,००,००० वर्षांपूर्वीच्या आहेत.

आता विद्वानांनी काय केले ते ऐका. ही कोणी रोगी स्त्री असावी, जन्मतःच हिचे डोके खुरटले असावे, असे कित्येकांनी ठासून सांगितले. परंतु तशाच लहान बांध्याच्या इतर व्यक्तींच्या अस्थीही तेथे निघाल्या. मनगटाची हाडे आपल्या घडणीची नाहीत, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. आणि त्याच बेटावर माता मेंगे येथे सुमारे ७,००,००० वर्षांपूर्वीचे तितकेच लहान मानव आढळले. इतका दीर्घ काळ टिकलेल्या कुळास रोगी कसे म्हणावे? जो आपल्यासारखा नाही तो आजारी असला पाहिजे, हा तर्क आपल्याही गावांत अपरिचित नाही.

ह्या लहान हातांनी दगडाची हत्यारे घडविली. त्यांच्या शेजारी स्टेगोडोन नावाचा हत्तीच्या कुळातील प्राणी राहत असे, तोही खुजा झालेला. उलटपक्षी तेथील उंदीर मोठा. त्याचे वंशज आजही त्या रानांत आहेत. थोर प्राणी लहान होतो आणि क्षुद्र प्राणी वाढतो, असे अनेक बेटांवर दिसून आले आहे. सिसिली बेटावरील एका जातीचा पूर्ण वाढलेला हत्ती जेमतेम एक मीटर उंचीचा होता.

ह्याचे कारण शेतकऱ्यास समजावून सांगावे लागेल असे नाही. दुष्काळात मोठ्या बैलाची वैरण पुरविता पुरविता घरधनी थकतो. बेटावर चारा मोजका, आणि पलीकडच्या रानात जाण्यास वाट नाही. ज्या वाघाच्या भयाने मोठे शरीर उपयोगी पडावे, तो वाघही तेथे नाही. अशा ठिकाणी थोडक्यात भागणारे व लवकर वयात येणारे प्राणी अधिक संतती मागे ठेवितात. येथे एक गैरसमज टाळावा. उपाशी राहून कोणी एक प्राणी आक्रसतो असे नव्हे. पिढ्यानुपिढ्या लहानांचीच निवड होत जाते. इंग्लंड व फ्रान्स ह्यांमधील जर्सी बेटावर तांबड्या हरणाचे वजन सुमारे ६,००० वर्षांत पूर्वीच्या एकषष्ठांशावर आले. मेंदूचेही तेच. आपण स्वस्थ बसलो असताही अन्नाच्या बळाचा सुमारे पाचवा हिस्सा तोच खातो.

मग ह्यात ऱ्हास कोठे आला? ज्या स्थळी राहावयाचे त्या स्थळास योग्य होणे, ह्यापलीकडे काही घडले नाही. तथापि एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ही योग्यता त्या बेटापुरतीच असते. मॉरिशस बेटावर डोडो नावाचा पक्षी होता. तो कबुतराच्या कुळातला. आज जिवंत असलेला त्याचा सर्वांत जवळचा नातलग आपल्या निकोबारचे कबूतर होय. शत्रू नसल्यामुळे त्याच्या कुळाची उडण्याची शक्ती गेली होती. १५९८ मध्ये डच खलाशी तेथे उतरले. त्यांच्या मागोमाग उंदीर, डुकरे व माकडे आली, आणि पाऊणशे वर्षांच्या आतबाहेर डोडो नाहीसा झाला. तो माणसास भीत नसे, म्हणून लोक त्याला मूर्ख म्हणू लागले. ज्याने कधी दुष्टावा पाहिला नाही त्याच्या विश्वासास मूर्खपणा म्हणणे, हा न्याय कोणाचा?

फ्लोरेसचे ते लहान मानवही सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी दिसेनासे झाले. त्याच सुमारास आपल्या जातीचे मानव त्या प्रदेशात पोहोचत होते. उभयतांची गाठ पडल्याचा पुरावा मिळालेला नाही, म्हणून आपल्या पूर्वजांवर आरोप ठेवणे रास्त नव्हे; त्यांना निर्दोष ठरविण्याचीही घाई नको.

लियांग बुआजवळ रामपासासा नावाचे गाव आहे. तेथील लोक आपल्याच मानवजातीचे, परंतु पुष्कळ ठेंगणे. गुहेतील त्या मानवांचे रक्त ह्यांच्यात असेल असा कित्येकांचा कयास होता. २०१८ मध्ये त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत त्या जुन्या कुळाचा अंशही आढळला नाही. त्यांचे ठेंगणेपण निराळ्या वाटेने आले होते, म्हणजे एकाच बेटावर मनुष्य दोनदा लहान झाला.