मांजराचं सुतक

आपल्या शास्त्रकारांनी दुःखाची मापं फार चोख करून ठेवली आहेत. घरचं माणूस गेलं की दहा दिवस, आजोळचं गेलं की तीन दिवस, त्याहून लांबचं असलं की पक्षिणी, म्हणजे दीड दिवस. आणि नातं अगदीच ओढूनताणून असलं तर डोक्यावरून दोन तांबे पाणी घेतलं की माणूस मोकळा. या कोष्टकात मांजर कुठं बसतं ते मी परवा पाहिलं. बसत नाही. ‘पक्षिणी’त पक्षी तेवढा आला आहे. पण तेही रास्तच म्हणा, त्या दोघांना एका कोष्टकात ठेवणं धोक्याचंच!

आमची मनी चौदा वर्षांची होऊन, कुणाला काही त्रास न देता, अंबाजोगाईच्या आमच्या घरात ज्वारीच्या कोठीवर झोपल्या झोपल्या गेली. ‘त्रास न देता’ हे फक्त शेवटच्या दिवसापुरतं. एरवी तिनं दुधाच्या पातेल्यावरचं झाकण आवाज न करता काढण्याची विद्या साध्य केली होती, आणि बाळंतपणासाठी तिला दर खेपेस नवी गादीच लागे. उंदीर हयातीत मोजून दोन पकडले. तेही जिवंत आणून माझ्या पायाशी सोडून दिले.

त्यामुळे पंचाईत अशी झाली की, माणूस गेल्यावर चारचौघांत त्याचे गुण सांगून जे मन हलकं करता येतं, ती सोयच उरली नाही. मनी कृतज्ञ नव्हती, उपयोगी नव्हती, आज्ञाधारक तर नव्हतीच. तिचं आमच्यावर देणं काही नव्हतं. उलट दुधाचा हिशेब केला तर आमचंच तिच्याकडे येणं निघेल. मग हे जे घशाशी आलं आहे, ते कशाचं? दुःख म्हणजे जर उपकाराची फेड असेल, तर माझं खातं कोरं निघायला हवं होतं.

भेटायला आलेल्या मंडळींनी हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. ‘मांजरच होतं ना? दुसरं आणा!’ जणू मनी ही एक जागा होती आणि ती आता रिकामी झाली आहे, अर्ज मागवा.

गंमत पाहा, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, असं आमच्या घरातली म्हातारी माणसं सांगत. म्हणजे मांजराच्या पापाला सोन्याचा भाव. पण मांजर आपल्या मरणानं मेलं तर दुःखाला दमडीचा भाव नाही. प्राचीन मिसरी लोक याबाबतीत सुधारलेले. घरातलं मांजर मेलं की घरची सगळी माणसं भुवया काढून टाकत, असं हिरोडोटसनं लिहून ठेवलं आहे. मी हे हिला सांगितलं. ती माझ्या भुवयांकडे बघून म्हणाली, “तुमच्या उरल्यात किती!”

आपल्याकडे जनावराचा मान ठेवलाच नाही असं नाही. धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जाईना, आणि ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे. पण तो कुत्रा शेवटी साक्षात यमधर्म निघाला आणि रेडा वेद बोलला. जनावरासाठी रडायचं तर त्याच्या अंगी काहीतरी मोठेपण सिद्ध व्हावं लागतं. आमच्या मनीनं चौदा वर्षांत एकही ऋचा म्हटली नाही. आणि ती शेवटच्या घटकेला यमधर्म निघती, तर मला फारच वाईट वाटलं असतं. मला मनीच हवी होती.

खरी अडचण मात्र निराळीच होती. मला लाज वाटत होती. आमचा हा बीड जिल्हा. दसरा उलटला की गावंच्या गावं ऊस तोडायला लांबच्या कारखान्यांवर जातात, घरी म्हातारी माणसं राहतात. पाऊस कधी दगा देईल याचा नेम नाही. अशा मुलखात एका पेन्शनर मास्तरानं मांजरासाठी डोळे पुसावेत, हे शोभतं का? पण मग वाटे, दुःख काय टँकरचं पाणी आहे, की मी एक घागर जास्त घेतली तर पुढच्या घराला कमी पडेल?

खड्डा खणायला शेजारचे मामा पहार घेऊन आले. परसात सीताफळाखाली आमच्या बालाघाटचा मुरूम, पहार नुसती टणटण वाजत होती. मी तोंड फिरवून उभा. मामा खणता खणता म्हणाले, “रडा की गुरुजी. कोन नको म्हनतंय?”

मी म्हटलं, “मांजरासाठी?”

ते थांबले. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला, तेव्हा बैलजोडी मातीमोलानं बाजारात द्यावी लागली होती. “दावं तेवढं माघारी आनलं. दुसऱ्या दिशी खडी फोडायला गेलो. तवा रडायला सवड कुठं व्हती? सुकडीच्या रांगंत उभा ऱ्हायचं का बैलासाठी रडायचं? नंतर पाऊस झाला, पर तवर लई दिस झालते. मग रडलं तर लोक म्हनले असते, आता कामून?”

ते दावं अजून त्यांच्या खुंटीला आहे. मी अनेकदा पाहिलं होतं, कशाचं ते कधी विचारलं नव्हतं. मामांनी पुन्हा पहार उचलली, खड्डा हातभर खोल झाल्यावरही आणखी वीतभर नेला. कुत्री उकरतात म्हणाले. मग मनीला जुन्या लुगड्यात गुंडाळून आम्ही दोघांनी आत ठेवलं. मामा बराच वेळ माती सारखी करत राहिले. एवढ्या लहान खड्ड्याला तेवढा वेळ लागत नाही.

सुतक न पाळताही दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं हिला विचारलं, “मावशी, पाव लिटर कमी करू का आता?” ही काहीच बोलली नाही. मी वर्तमानपत्रात होतो, तिथंच राहिलो. तो जरा थांबला आणि नेहमीचं माप ओतून गेला. हल्ली आमचा चहा फार दुधाळ होतो.